‘अखंड’ वीजपुरवठा आणि त्याची देखभाल

बोलींच्या अभ्यासात क्षेत्रकार्यातून जमविलेले ध्वनिमुद्रण हाच पुष्कळदा मूळ पुरावा असतो, आणि निवेदक दिवंगत झाल्यावर तो पुन्हा मिळविता येत नाही. अशी मुद्रणे आज विभागाच्या जाळ्यावरील साठवणयंत्रात ठेवली जातात. फाइल लिहिली जात असता वीज गेली, तर ती एक फाइलच नव्हे, संग्रहाची सारी मांडणीही बिघडू शकते. म्हणूनच राउटर, स्विच व साठवणयंत्र यांच्यामागे यूपीएस बसविलेला असतो. तथापि तो बसविण्यात दिसणारी तत्परता तो राखण्यात क्वचितच आढळते.

या अनास्थेस काही अंशी शब्दच कारणीभूत आहेत. ‘अखंड वीजपुरवठा’ ही संज्ञा जे आश्वासन देते, ते विभागातील लहान यूपीएस पाळू शकत नाही. त्याचे काम काही मिनिटांची सवड देण्याचे. त्या सवडीत साठवणयंत्र रीतसर बंद व्हावयाचे असते. ‘बॅकअप’ हा शब्द तर अधिकच फसवा आहे. वीजतंत्र्याच्या तोंडी त्याचा अर्थ बॅटरी पुरण्याची मिनिटे, तर संगणक हाताळणाऱ्याच्या तोंडी माहितीची दुसरी प्रत. ‘बॅकअप आहे ना?’ या प्रश्नास मिळालेले ‘आहे’ हे उत्तर खरे असूनही विचारणाऱ्याच्या उपयोगाचे नसते. आणि बॅटरीवर छापलेल्या ‘मेंटेनन्स-फ्री’ या शब्दाचा अर्थ तीत पाणी घालावे लागत नाही, एवढाच. ती तपासावी लागत नाही, असा नव्हे.

गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये सिद्ध केलेल्या शिसे-आम्ल विद्युत्घटाचेच हे बंदिस्त रूप होय. १२ व्होल्टच्या बॅटरीत असे ६ घट असतात. तिच्यावरील ‘७ ॲम्पिअर-तास’ हा आकडा २० तासांच्या मंद उपशावर ठरविलेला असतो. गुणाकाराने ८४ वॅट-तास येतात. म्हणजे १२० वॅटच्या भारास ४२ मिनिटे मिळावीत. प्रत्यक्षात उपसा जलद असल्याने त्याच्या निम्म्याच्या आसपासच मिळतात, आणि तीही बॅटरी नवी असताना. सतत भारित राहूनही ती झिजत जाते व साधारणतः ३ ते ५ वर्षांत निकामी होते. यूपीएसवरील हिरवा दिवा मात्र तसाच तेवत राहतो, कारण तो भिंतीतली वीज चालू असल्याचे सांगतो. बॅटरीच्या प्रकृतीविषयी तो बहुधा मौनच पाळतो.

उष्णता हा तिचा मुख्य शत्रू. २५ अंश सेल्सिअसच्या वर दर १० अंशांस आयुष्य सुमारे निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. वरच्या मजल्यावरील बंद कपाटात, तापलेल्या स्विचला खेटून ठेवलेल्या यूपीएसची वैशाखात काय गत होत असेल, हे निराळे सांगावयास नको. कपाटाचे दार काढून टाकणे हा फुकटचा उपाय असून तोच सहसा योजिला जात नाही.

खरी परीक्षा भार देऊनच होते. दर सहा महिन्यांनी साठवणयंत्र रीतसर बंद करावे, त्याच्या जागी तितक्याच वॅटचे जुन्या तारेचे दिवे लावावेत व भिंतीवरील बटण बंद करावे. प्लग उपसू नये. त्याने भूसंपर्क तुटतो. किती मिनिटे मिळाली ते वहीत तारखेसह टिपावे. नव्या बॅटरीच्या वेळी मिळालेल्या मिनिटांत ठळक घट दिसू लागली, की बॅटरी बदलावी. एकाहून अधिक असल्यास सर्व एकदमच बदलाव्यात, कारण जुनी बॅटरी नवीसही लवकर खराब करते. परीक्षेनंतर पुनर्भारणास काही तास लागतात. वीज जाण्याची पूर्वसूचना असलेला दिवस त्यासाठी निवडू नये.

यूपीएस व साठवणयंत्र यांस जोडणारी संकेताची तार अनेकदा खोक्यातच पडून राहते. बॅटरी संपत आल्याची सूचना यंत्रास तिच्यावाटेच मिळते, तेव्हा ती प्रथम शोधून जोडावी. जुनी बॅटरी रद्दीवाल्यास देऊ नये. तीत शिसे व आम्ल असते, आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती अधिकृत संकलनाकडेच जावयास हवी. नवी घेताना विक्रेत्याकडे जुनी देऊन पावती घ्यावी व ती त्याच वहीत चिकटवून ठेवावी.