दातांच्या डॉक्टरांची धास्ती सोडा!
— ऊस विकास अधिकारी



गटसभेला गावोगाव फिरताना गालाला फडके बांधलेला एखादा सभासद भेटतोच. "दवाखान्यात का जात नाही?" विचारले की उत्तर ठरलेले, "हंगाम संपू द्या, मग बघू." हंगाम हे निमित्त. खरी अडचण भीतीची असते.

हे दुखणे खोडकिडीसारखे आहे. वरून पाने हिरवी, आत अळी कोंब पोखरत असते. पोंगा सुकला की आपले लक्ष जाते. दातात मात्र अळी नसते. तोंडातले सूक्ष्म जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्याने दात पोखरतो. पत्रिका साखर कारखान्याची असली तरी हे सांगितलेच पाहिजे. जत्रेत दातातून 'किडे' काढून दाखवतात ती निव्वळ हातचलाखी.

उशिराने भीती वाढते

भोक लहान असताना सिमेंट भरून काम भागते. कीड नसेपर्यंत गेली की रात्र रात्र ठणका लागतो, मग मुळाचा इलाज करावा लागतो किंवा दाढ काढावी लागते. दाढ काढण्याआधी जागा बधिर करतात. त्यासाठीचे लिग्नोकेन हे औषध स्वीडनमध्ये १९४३ साली तयार झाले आणि १९४८ पासून वापरात आहे. ते भिनले की दाब जाणवतो, कळ सहसा येत नाही. पण पू झालेली जागा आम्लधर्मी होते, तिथे औषधाचा लाग कमी होतो. म्हणजे उशीर केला म्हणून दुखते, आणि 'फार दुखते' ही बातमी गावभर होते!

गैरसमज

वरची दाढ काढली की नजर जाते, हे खोटे. दात साफ केले की हलतात, हेही खोटे; साचलेले कीटण निघाल्याने आधीच सैल असलेला दात कळून येतो, इतकेच. मिश्रीने ठणका दबल्यासारखा वाटतो, पण हिरड्या खराब होतात आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

जाताना काय करावे

१. "मला भीती वाटते" असे डॉक्टरांना आधीच सांगा. त्यात कमीपणा नाही.
२. दुखले तर डावा हात वर करीन, मग थांबा, असे ठरवून घ्या.
३. उपाशी जाऊ नका. सोबत घरचे माणूस न्या.
४. साखर, रक्तदाब, रक्त पातळ होण्याच्या गोळ्या असतील तर सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.
५. पहिल्या दिवशी नुसते दाखवून या.

चेहरा सुजून ताप आला, तोंड उघडेना किंवा घास गिळेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातली जखमही दाखवा.

कुठे जावे

प्रवरा भागात लोणीला दंत महाविद्यालय आहे. मुलाकडे मीरा रोड-भाईंदरला गेलात, तर पश्चिम रेल्वेची लोकल थेट मुंबई सेंट्रलला नेते. तिथे महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे. सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालयही आहे.

लागणीत पोंगा सुकलेला दिसला की आपण दुसऱ्या दिवसाची वाट पाहत नाही. तीच तत्परता स्वतःच्या दाढेसाठी दाखवावी, ही विनंती.