चित्राआधीची कल्पना

पुस्तक घेताना आपण लेखकाचे नाव पाहतो, साबणाची वडी घेताना किंमत पाहतो, आणि सिनेमाचे भित्तिपत्रक तर आपण पाहत आहोत हेही आपल्या ध्यानात येत नाही. या तिन्ही वस्तूंमागे बसलेल्या कलावंताच्या कामाला आपण सरसकट ‘सजावट’ म्हणतो आणि मोकळे होतो. वस्तू तयार व्हावी, मग ती त्याच्याकडे जावी आणि त्याने तिच्यावर चार वेली किंवा एखादा सुंदर चेहरा काढून द्यावा, असा आपला समज. आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी हा समज पुष्कळ पोसला आहे. (ती मुखपृष्ठे आपण आवडीने जपून ठेवतो, हेही खरेच.)

वस्तुतः त्याचे काम चित्राच्या बरेच आधी सुरू होते. ही वस्तू कोण पाहणार, किती अंतरावरून, किती वेळ, आणि पाहणारा ती हातात घेऊन उलटणार की नाही? असे प्रश्न विचारता विचारता जी एक गोष्ट हाती लागते, तिला कल्पना म्हणावयाचे. चित्र हे तिच्या मागून येते.

सत्यजित राय यांना आपण त्यांच्या चित्रपटांमुळे ओळखतो. पण १९४३ साली ते कलकत्त्याच्या डी. जे. कीमर या जाहिरातसंस्थेत नोकरीस लागले आणि लवकरच सिग्नेट प्रेस या नव्या प्रकाशनसंस्थेची मुखपृष्ठेही करू लागले. जिम कॉर्बेट यांच्या कुमाऊंतील नरभक्षक वाघांवरील पुस्तकाचा बंगाली अनुवाद सिग्नेटने काढला. दुसऱ्या एखाद्याने येथे आ वासलेला वाघ आणि बंदूक रोखलेला शिकारी काढला असता. रायांनी सबंध मुखपृष्ठच वाघाचे कातडे केले. पुढच्या बाजूस गोळी आत शिरल्याचे भोक आणि मलपृष्ठावर ती बाहेर पडल्याचे भोक. हे मागचे भोक मोठे. कारण बाहेर पडताना गोळी कातडे अधिक फाडते. म्हणजे गोळी थेट पुस्तकातून आरपार गेली! वाचकाने पुस्तक उलटले की शिकार पुरी झाली. पुस्तकाला पुढची बाजू असते, मागची असते आणि मध्ये जाडी असते, ही सर्वांना ठाऊक असलेली गोष्ट येथे कथा सांगू लागते.

हीच युक्ती भित्तिपत्रकाला मात्र कुचकामी. भिंतीवर डकवलेल्या कागदाची मागची बाजू कोण पाहणार? तेथे पाहणारा चालत असतो, त्याच्याजवळ क्षणभराचा वेळ असतो. विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी बर्लिनमध्ये लुत्सियान बर्नहार्ड या तरुणाने प्रीस्टर नावाच्या आगकाड्यांसाठी स्पर्धेत एक भित्तिपत्रक पाठवले. सांगतात की प्रथम त्यात टेबल होते, राखपात्र होते, सिगार होता, धुरातून नाचणाऱ्या मुलीही होत्या. एकेक गोष्ट पुसत पुसत शेवटी दोन आगकाड्या आणि ‘प्रीस्टर’ एवढे नावच राहिले, आणि बक्षीस त्यालाच मिळाले.

रायांनी १९६० साली आपल्याच ‘देवी’ या चित्रपटाच्या भित्तिपत्रकात हा संयम आणखी खोल नेला. सासऱ्याला स्वप्न पडते आणि घरातली कोवळी सून कालीचा अवतार ठरते, अशी ती कथा. पत्रकावर देऊळ नाही, गर्दी नाही. आहे तो एक चेहरा, अर्धा उजेडात आणि अर्धा अंधारात. बाई की देवता, हा सबंध चित्रपटाचा पेच रस्त्याने जाणाऱ्याला एका नजरेत कळतो.

वेष्टनाची गोष्ट आणखी निराळी. पाकीट टेबलावर पडते, फेकले जाते, कोणत्याही बाजूने पाहिले जाते. रेमंड लोवी या अमेरिकेत स्थायिक झालेल्या फ्रेंच माणसाने ‘लकी स्ट्राइक’ सिगारेटच्या पाकिटाचा हिरवा रंग काढून ते पांढरे केले आणि लाल वर्तुळाचे चिन्ह दोन्ही बाजूंना सारखेच छापले. पाकीट कसेही पडो, नाव वरच! १९४२ साली हे पांढरे पाकीट बाजारात आले, तेव्हा हिरवा रंग युद्धावर गेला आहे, अशी जाहिरात कंपनीने केली.

कारागिरी म्हणून हे काम अव्वल आहे, यात शंका नाही. पण मला ते रायांच्या पंक्तीला बसवता येत नाही. वाघाच्या कातड्याने जे कबूल केले, ते पुस्तक आत खरोखरच देते. पांढरा, स्वच्छ कागद जे सुचवतो, ते सिगारेटच्या पाकिटात नाही. कल्पना जितकी नेमकी, तितकी ती खोटेही सफाईने बोलू शकते. म्हणूनच या कामाला नुसती सजावट म्हणून हसण्यावारी नेणे महागात पडते.

सरकारांनी हे उशिरा का होईना, ओळखले. आपल्याकडे २०१६ पासून सिगारेटच्या पाकिटाच्या पुढच्या व मागच्या बाजूंचा ८५ टक्के भाग रोगाच्या चित्राने आणि इशाऱ्याने व्यापलेला असतो. ऑस्ट्रेलिया त्याही पुढे गेला. तेथे डिसेंबर २०१२ पासून सर्व कंपन्यांची पाकिटे एकाच मळकट तपकिरी रंगाची, आणि नावेही सर्वांची एकाच साच्याच्या अक्षरांत. हा रंग सहज सापडला नाही. धूम्रपान करणाऱ्यांना निरनिराळे रंग दाखवून, त्यांतला सर्वांत नावडता कोणता, ते आधी तपासून घेण्यात आले होते.