रंगाखालचा पत्रा : घरच्या गॅरेजमधील फियाट-पद्मिनीचे पुनरुज्जीवन

महाराष्ट्रातील व्यापारी कुटुंबांच्या जुन्या वाड्यांत, बंगल्यांच्या गॅरेजमध्ये किंवा मालाच्या गोदामाच्या एखाद्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली उभी असलेली फियाट अथवा प्रीमियर पद्मिनी आजही अधूनमधून दिसते. घरातील वडीलधाऱ्यांनी नाव नोंदवून, नंबर लागण्याची वर्षानुवर्षे वाट पाहून ती घेतलेली असते. वसुलीच्या फेऱ्या, लग्नकार्ये, तीर्थयात्रा, दवाखाना अशी घरची सारी कामे तिने केलेली असतात. पुढे नव्या गाड्या आल्या आणि ती बाजूला पडली. आता जागेची अडचण होते, मुले विचारतात, आणि घरात प्रश्न उभा राहतो : भंगारात द्यावी की नीट करून पुन्हा रस्त्यावर आणावी?

या प्रश्नाचे उत्तर केवळ भावनेच्या भरात देऊ नये, तसेच भंगाराच्या वजनावरही ठरवू नये. आधी गाडीची तपासणी करावी. आणि ती तपासणी रंगापासून नव्हे, तर रंगाखालच्या पत्र्यापासून सुरू व्हावी.

सोलापूर ते कुर्ला

या गाडीशी व्यापारी समाजाचे नाते केवळ खरेदीदाराचे नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद यांनी बांधकामाचे ठेके, साखर, जहाज आणि विमान या क्षेत्रांबरोबरच मोटारनिर्मितीचाही ध्यास घेतला. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि मुंबईत कुर्ला येथे कारखाना उभा राहिला. प्रारंभी अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तेथे मोटारी जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला. १९५३ साली वालचंदशेठ निवर्तले. परंतु फियाट ११०० त्यानंतरच घरोघरी पोहोचली. तिच्या आरंभीच्या गोलसर रूपाला मुंबईकरांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले. १९६४ पासून ‘११०० डिलाईट’ आली आणि १९७४ पासून तीच गाडी ‘प्रीमियर पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन आणि स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा ही तिची ओळख. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात ती ऑक्टोबर २०२३ अखेरपर्यंत रस्त्यावर होती.

गंजाचा ताळेबंद

जुन्या जीपसारख्या वाहनांत मजबूत चासी वेगळी असते व तिच्यावर बॉडी बसवलेली असते. फियाट ११०० ची रचना तशी नाही. तिची पत्र्याची बॉडी हाच तिचा सांगाडा आहे. इंजिन, चाकांची जोडणी, प्रवाशांचे वजन हा सारा भार याच पत्र्यावर येतो. म्हणूनच या गाडीतील गंज हा केवळ शोभेचा दोष नसून सुरक्षिततेचा प्रश्न ठरतो. तळाचा पत्रा सडलेला असताना वरून झगझगीत रंग देणे म्हणजे बुडीत येणे दडवून नफ्याचा ताळेबंद छापण्यासारखे आहे.

तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. एक लहान लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून बॉडीवरून फिरवावा. जेथे तो नीट चिकटत नाही, तेथे पूर्वीच्या कारागिराने लांबीचा जाड थर भरलेला आहे असे समजावे. त्यानंतर गालिचे काढून पायाखालचा तळ, दरवाजांखालच्या पट्ट्या, डिकीचा तळ, मडगार्डची आतली बाजू आणि बॅटरीखालची जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहावी. पत्रा खणखणीत असेल तर टोक अडते. सडलेला असेल तर आत जाते. तळाचा आणि दरवाजांखालचा पत्रा मोठ्या प्रमाणात गेला असेल, तर खर्चाचा अंदाज अनुभवी पत्राकाम कारागिराकडून घेऊनच पुढचा निर्णय करावा. येथे थांबण्यात कमीपणा नाही. अर्धवट सोडलेली, सुटी करून ठेवलेली गाडी ही उभ्या गाडीपेक्षाही कमी किमतीला जाते.

सुटे करताना शिस्त

काम हाती घेण्याचे ठरल्यावर पहिली गरज असते ती नोंदवहीची. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घ्यावे; स्क्रू, क्लिपा, पट्ट्या स्वतंत्र पिशव्यांत घालून त्यांवर चिठ्ठ्या लावाव्यात. मूळ क्रोमपट्ट्या, बोधचिन्हे, दिव्यांच्या काचा कितीही मळलेल्या असल्या तरी टाकून देऊ नयेत; कारखाना बंद झाल्यावर प्रत्येक मूळ भागाचे मोल वाढले आहे.

कामाचा क्रमही महत्त्वाचा आहे. इंजिन, ब्रेक आणि वायरिंगची मोठी कामे रंगापूर्वीच उरकावीत, कारण ब्रेक ऑईलचे थेंब ताजा रंग उचकटून टाकतात. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला बॅटरी जोडून लगेच स्टार्टर मारू नये. टाकीतील जुने, चिकट झालेले पेट्रोल काढून, इंजिन ऑईल बदलून, इंजिन आधी हाताने फिरते का हे पाहावे. ब्रेकच्या सिलिंडरमधील रबरे बदलल्याशिवाय गाडी गॅरेजबाहेर काढू नये. वेल्डिंग करण्यापूर्वी पेट्रोलची टाकी उतरवून दूर नेली पाहिजे. या नियमाला अपवाद नाही.

लांबी, अस्तर आणि पाणी पेपर

चांगल्या रंगाचे श्रेय लोक रंगाच्या डब्याला देतात. ते असते तयारीला. जुन्या रंगात शिसे असू शकते. म्हणून तो कोरडा घासून धूळ उडवण्यापेक्षा रंग काढण्याच्या रसायनाने, उघड्या जागेत, हातमोजे घालून काढावा आणि लहान मुलांना त्या जागेपासून दूर ठेवावे. सडलेला पत्रा कापून त्या जागी नवा पत्रा वेल्ड करावा. गंजाच्या भोकावर लांबी थापली तर ती ओल धरते आणि एक-दोन पावसाळ्यांत फुगा येतो. लांबी केवळ ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरील उरलेसुरले चढउतार भरण्यासाठी असते. दोन-तीन मिलिमीटरहून जाड थराची गरज पडली, तर पत्रा अजून सरळ झालेला नाही असे समजावे.

त्यानंतर गंजरोधक इपॉक्सी प्रायमर, त्यावर सरफेसरचे अस्तर आणि मग घासाई. येथे जुने कारागीर एक सोपी युक्ती वापरतात. अस्तरावर काळ्या रंगाची अगदी विरळ फवारणी करून मग लाकडी ठोकळ्यावर लावलेला पाणी पेपर फिरवायचा. उंच भागावरचा काळा रंग लगेच निघतो, खळग्यात तो राहतो. डोळ्यांना न दिसणारा दोष असा उघडा पडतो. ४०० क्रमांकाच्या पेपरपासून ८०० पर्यंत हे काम संथपणे करावे लागते. घरातील तरुणांना हाताशी घेण्याजोगा हाच टप्पा आहे. घाई केल्याची शिक्षा येथे ताबडतोब मिळत नाही. ती रंग चमकू लागल्यावर दिसते.

शेवटचा हात कोणी मारावा?

जुन्या पिढीत फवारणीच्या रंगाला सरसकट ‘ड्यूको’ म्हटले जाई. ड्यूको हे मुळात १९२० च्या दशकात अमेरिकेत आलेल्या, झटपट वाळणाऱ्या नायट्रोसेल्युलोज रंगाचे व्यापारी नाव. हवेत ओल असताना हा रंग मारला तर तो पांढुरका पडतो. म्हणून आपल्याकडे पावसाळा टाळून दिवाळीनंतरचे कोरडे महिने निवडावेत.

आज वापरात असलेला दोन घटकांचा पी.यू. रंग अधिक टिकाऊ आहे. परंतु त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचा फवारा श्वासातून गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी मास्क तर सोडाच, पण नेहमीचा फिल्टरचा मास्कही त्यासाठी पुरेसा मानला जात नाही. बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारे साधन लागते. घराला लागून असलेल्या बंद गॅरेजमध्ये, जेथे घरची माणसे वावरतात, तेथे हे काम मुळीच करू नये. पत्राकामापासून अस्तरापर्यंतची तयारी घरी करावी आणि अखेरचा रंग व्यावसायिक पेंटबूथमध्ये मारून घ्यावा. त्याचा खर्च हा घराच्या आरोग्याचा विमाहप्ता समजावा.

कागद आणि खर्च

खासगी गाडीची नोंदणी पहिल्या १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी, तपासणी होऊन, नूतनीकृत करावी लागते. ती खंडित झाली असेल तर हत्यारे हाती घेण्यापूर्वी आर.टी.ओ.कडे चौकशी करावी. नोंदणीपुस्तकातील रंग बदलणार असेल तर त्याचीही नोंद करून घ्यावी. २०२१ साली केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ स्वरूपात राखलेल्या वाहनांसाठी ‘व्हिंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद केली. तिचे नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची आहे. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता ही वयोमर्यादा ओलांडत आहेत. हौसेपोटी आधुनिक इंजिन किंवा भलते बदल करणाऱ्याने मूळ स्वरूपाची ही अट आधी वाचावी.

खर्चाच्या बाबतीत स्पष्टता असावी. या कामाकडे गुंतवणूक म्हणून पाहू नये. पत्रा उघडा पडल्यावर अंदाजपत्रक वाढतेच. म्हणून मूळ अंदाजाबरोबर राखीव रक्कम वेगळी ठेवावी, प्रत्येक बिल एका फाइलमध्ये लावावे आणि धंद्याच्या खात्यातून यासाठी पैसा वळवू नये. लावलेला सर्व पैसा विक्रीतून परत येईल अशी अपेक्षा असणाऱ्याने ती गाडी एखाद्या जाणकार शौकिनाला योग्य किमतीत द्यावी. तेही तिचे जतनच होय.

ज्या घरात निदान दोन पिढ्यांची माणसे आठवड्यातून एक दिवस या कामासाठी एकत्र येऊ शकतात, तेथे मात्र ते अवश्य हाती घ्यावे. आजोबांना गाडीच्या सवयी ठाऊक असतात, नातवाच्या हातात बळ असते. पुढे कोणी चुंबक फिरवून पाहिला, तर तो प्रत्येक ठिकाणी घट्ट चिकटावा, एवढे ध्येय त्या कामासाठी पुरेसे आहे.