झेपेल तेच टिकेल

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

‘पर्यावरण’ हा शब्द कानावर पडला की आपल्या डोळ्यांसमोर काय येते? वितळणारे हिमनग, तोडलेली जंगले, नाही तर ५ जूनला साहेबांच्या हस्ते लावलेले झाड. या सगळ्यात आपले दोन-तीन खोल्यांचे घर कुठेच दिसत नाही. आणि दिसले तरी पहिला विचार मनात येतो तो असा : सकाळी सातला डबे, आठला शाळेची रिक्षा, नऊला ऑफिस, यात पर्यावरणाला वेळ कुठून द्यायचा?

प्रश्न खरा आहे. म्हणून आज जी कामे सांगणार आहे त्यांना मी एक अट लावली आहे. ज्या कामाने घरातला वेळ किंवा पैसा वाचतो, निदान वाया जात नाही, तेवढेच सांगायचे. कारण जे झेपत नाही ते चार दिवसांत सुटते, मग ते कितीही चांगले असो.

सुरुवात पाण्यापासून करू. महाराष्ट्रात पाण्याचे मोल कुणाला वेगळे सांगायला नको. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेच्या वाघिणींतून पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. माणशी रोज शंभर लिटर धरले, तर हे पाणी पाच हजार माणसांना एक दिवस पुरेल. शहराची वस्ती मात्र चार लाखांच्या घरात!

आपल्या घरात पाणी कुठे जाते हे पाहण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. नळ नेहमीसारखा सोडा, खाली वीस लिटरची बादली ठेवा आणि घड्याळ पाहा. बादली दोन-अडीच मिनिटांत भरली, तर तो नळ मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी देतो आहे. म्हणजे तीन मिनिटे नळ सुरू ठेवून दात घासले, की पंचवीस-तीस लिटर पाणी गटारात गेले. तेच काम एका तांब्यात होते.

आमच्याकडे नमाजाआधी वजू करतात, म्हणजे हात, तोंड, पाय धुतात. दिवसातून पाच वेळा. पूर्वी त्यासाठी तोटीचा तांब्या असे, त्याला आम्ही बधना म्हणतो. एका बधन्यात वजू होऊन वर पाणी उरायचे. वाहत्या नदीकाठी बसलात तरी पाणी उधळू नका, ही शिकवण लहानपणापासून आमच्या कानांवर पडलेली. पुढे नळ आले, बधना कोपऱ्यात गेला, आणि शिकवण तोंडपाठ असूनही पाणी धो धो वाहू लागले. याचा अर्थ इतकाच, की सवय उपदेशाने टिकत नाही. हाताशी असलेल्या वस्तूने टिकते. हातात बधना असेल तर बधनाभर पाणी लागते, नळ असेल तर नळभर.

ही गोष्ट एकदा ध्यानात आली की पुढचे सगळे सोपे होते. घरात उपदेश कमी करायचा आणि योग्य वस्तू योग्य जागी ठेवायची. बेसिनपाशी एक मग ठेवा. नळाच्या तोंडाला लावायची बारीक जाळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते; तिने धार भरल्यासारखी वाटते आणि पाणी कमी जाते. नळ ठिबकत असेल तर रात्री त्याखाली पातेले ठेवा आणि सकाळी सगळ्यांना दाखवा; वॉशर त्याच दिवशी बदलला जाईल. घरात आरओचे यंत्र असेल, तर ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. त्या नळीखाली बादली ठेवली, की फरशी पुसायला आणि संडासात ओतायला वेगळे पाणी घ्यावे लागत नाही.

आता स्वयंपाकघर. गॅस वाचवण्याचे उपाय आपल्या आयांना कुणी शिकवले नव्हते, पण त्या ते रोज करीत. डाळ, राजमा, छोले आधी भिजवले की लवकर शिजतात. वरण, भात आणि बटाटे कुकरच्या डब्यांत एकावर एक लावले, की तीन वेळचा जाळ एका वेळी आटोपतो. शिटी झाली की आच मंद करावी. आतले पाणी एकदा उकळू लागले, की मोठ्या आचेने अन्न लवकर शिजत नाही, फक्त शिट्या वाढतात. ज्योत पातेल्याच्या बुडाबाहेर आली, तर तेवढा गॅस आपण भिंत तापवायला जाळतो. ती निळी न राहता पिवळी झाली, तर बर्नर साफ करायला झाला आहे असे समजा. आणि एक करा. नवा सिलिंडर लावला की कॅलेंडरवर तारीख लिहा. १४.२ किलोचा सिलिंडर किती दिवस गेला हे डोळ्यांसमोर राहिले, की बचत आपोआप सुरू होते.

पण स्वयंपाकघरातली मोठी नासाडी गॅसची नसते, शिजवलेल्या अन्नाची असते. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले, आणि त्यातले साठ टक्के घराघरांतून गेले. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो आहे. चार माणसांच्या घरात हे सव्वादोनशे किलोच्या आसपास जाते. एक किलो तांदूळ पिकवायला अडीच-तीन हजार लिटर पाणी लागते. तेव्हा टाकलेल्या भाताबरोबर आपण शेतातले पाणीही टाकत असतो.

यावरचा उपाय महागडा नाही. फ्रिजचा एक कप्पा ‘आधी हे संपवा’ म्हणून ठेवायचा आणि स्वयंपाकाला लागण्यापूर्वी तो उघडायचा. फोडणीचा भात, भाकरीचा कुस्करा, उरलेल्या वरणाची आमटी हे आपले जुने शहाणपण आहे. नोकरी करणाऱ्या बाईचा तर त्यात एका वेळचा स्वयंपाक वाचतो.

विजेचा हिशेबही असाच घरात बसून करता येतो. साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. तो रोज बारा तास फिरला, की महिन्याला २७ युनिटे होतात. नव्या बीएलडीसी पंख्याला तेवढ्याच वाऱ्यासाठी ३० वॅटच्या आसपास पुरतात, म्हणजे महिन्याला ११ युनिटे. एका पंख्यामागे १६ युनिटे वाचली. सगळे पंखे आजच बदला असे मी म्हणणार नाही. जुना पंखा जळाला की त्या जागी हा घ्यावा, आणि सर्वांत जास्त फिरणाऱ्या पंख्यापासून सुरुवात करावी. महावितरणच्या बिलात शंभर युनिटांपुढचा दर बराच चढा असतो. त्यामुळे वाचते ते महागातले युनिट. दोन हजार वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट जाते, तेव्हा आंघोळी एकामागून एक उरकाव्यात. फ्रिजच्या दारात कागद धरून दार लावावे. कागद सहज निघून आला तर रबर सैल झाले आहे आणि गारवा बाहेर जातो आहे. घरात एसी असेल तर तो चोवीस अंशांवर ठेवून सोबत पंखा लावावा. कोळशावरच्या वीजकेंद्रात एका युनिटासाठी सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. बटण आपण घरात दाबतो, राख चंद्रपूरला पडते.

घरातून बाहेर पडलेला कचराही असाच दुसऱ्याच्या दारात जातो. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईच्या देवनार कचराभूमीला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांतही दिसला. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीत पडत राहिला आणि तिथल्या लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. ओला आणि सुका कचरा एकत्र झाला, की ढिगाखाली हवा न मिळता तो कुजतो, त्यातून मिथेन वायू तयार होतो आणि तो पेट घेतो. कचरा वेगळा द्यावा, हे २०१६ च्या नियमांनीच सांगितले आहे. पण नियमापेक्षा त्या हातांचा विचार करावा. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी दारोदार कचरा गोळा करतात. आपण एका पिशवीत कोंबलेले सगळे त्यांना हातांनी निवडावे लागते. त्यात काच असते, वापरलेले पॅड असतात, सुया असतात. घरात एकाऐवजी दोन डबे ठेवायला जागा लागते ती वीतभर. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढायला पाच सेकंद पुरतात. या पाच सेकंदांनी कुणाचा तरी हात वाचतो.

ओल्या कचऱ्याचे खत करायचे असेल, तर तळाला आणि बाजूला भोके पाडलेली कुंडी घ्यावी. कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सुक्या पाल्याचा किंवा नारळाच्या भुशाचा थर द्यावा. वास आला तर पाणी जास्त झाले आहे, आणखी पाला घालावा. ज्यांना हे जमत नाही त्यांनी मन खाऊ नये. वेगळा करून दिला तरी अर्धे काम झाले.

पिशवीचे तर आपण सगळे जाणतो. प्लास्टिकच्या पिशव्यांवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, तरी भाजीवाला हळूच काढतो आणि आपण हळूच घेतो. कारण कापडी पिशवी घरी खुंटीवर असते. तिची जागा खुंटीवर नाही, स्कूटरच्या डिकीत आणि ऑफिसच्या बॅगेत आहे. आम्हा कवींनाही हे लागू आहे. संमेलनाच्या व्यासपीठावर प्रत्येकासमोर पाण्याची बाटली असते. दोन घोट घेतले, कविता झाली, की ती तिथेच राहते. निसर्गकवितांच्या सत्रानंतर गोळा होणाऱ्या बाटल्या मोजाव्यात, म्हणजे कवितेचे वजन कळते!

आता सर्वांत महत्त्वाचे. ही सगळी कामे करायची कुणी? सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या स्त्रीचा त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो, आणि पुरुषाचा ८८ मिनिटे. त्यात हे दोन डबे, ही भिजवण, ही पिशवी तिच्याच गळ्यात पडली, तर पर्यावरण म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम. असे घर महिनाभरात पूर्वपदावर येते, आणि दोष तिला लागतो. म्हणून कामे वाटून घ्यावीत. पिशवी आणि भाजी बाबांची, कचऱ्याचे डबे मुलाचे, पंखे-दिवे बंद करणे धाकटीकडे, सिलिंडरची तारीख आजोबांकडे. लहान मुलांकडे दिवे द्यावेत. त्यांच्याइतके कडक इन्स्पेक्टर सरकारकडेही नाहीत.

कुणी म्हणेल, आपल्या एका बादलीने उजनी भरणार आहे का? नाही भरणार. देशातले ऐंशी टक्क्यांहून अधिक पाणी शेतीला लागते, कारखान्यांचा वाटा वेगळा. त्याचे निर्णय सरकारच्या पातळीवर व्हायचे आहेत आणि ते विचारण्याचा आपला हक्क आहे. पण गल्लीतली फुटलेली जलवाहिनी दुरुस्त करा, असा अर्ज नगरपालिकेत देताना आपल्या घरातला नळ बंद असला, की बोलण्याला धार येते.

सगळे एकदम करू नका. एका महिन्याला एकच सवय धरा, ती अंगवळणी पडली की दुसरी. आज रविवार आहे, सगळे घरात आहेत. जेवण झाल्यावर फक्त एवढेच ठरवा, की उद्यापासून कचऱ्याचे दोन डबे कुणाचे.