सँडी कोफॅक्सचा डावा कोपर



योम किप्पूर जवळ आला की अमेरिकेतल्या यहुदी घरांत एका खेळाडूचे नाव हमखास निघते. आपल्या मुलांना सचिन ठाऊक असतो, पण सँडी कोफॅक्स कोण हे पुष्कळांना ठाऊक नाही, म्हणून हे लिहिते.

कोफॅक्स बेसबॉलमधला पिचर, म्हणजे आपल्या क्रिकेटचा बोलर म्हणा ना. जन्म ३० डिसेंबर १९३५, ब्रुकलिन. १९५५ पासून डॉजर्स संघात. पहिल्या सहा वर्षांत काही खरे नव्हते. ३६ सामने जिंकले, ४० हरले. चेंडू जबर वेगाने यायचा, पण कुठे जाईल त्याचा नेम नाही! १९६१ मध्ये संघातला कॅचर नॉर्म शेरी म्हणाला, इतका जोर लावू नकोस. त्याने ऐकले, आणि गाडी रुळावर आली. १९६२ ते १९६५, दरवर्षी एका सामन्यात त्याने समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिली नाही. ९ सप्टेंबर १९६५ ला तर सत्तावीसच्या सत्तावीस जण आले तसे परत गेले.

पुढच्याच महिन्यात वर्ल्ड सिरीज. पहिला सामना ६ ऑक्टोबरला मिनेसोटात, आणि नेमका त्याच दिवशी योम किप्पूर, आपल्या जुन्या माणसांचा दरफाळणीचा सण. कोफॅक्स काही फार धार्मिक नव्हता, तरी तो खेळला नाही. त्याच्या जागी ड्रायस्डेलने चेंडू टाकले, डॉजर्स ८-२ हरले. दुसऱ्या दिवशी कोफॅक्स स्वतःही हरला, हे सांगायचे लोक विसरतात. मग पाचवा सामना त्याने जिंकून दिला, आणि १४ ऑक्टोबरला सातवाही, मध्ये फक्त दोन दिवसांची विश्रांती घेऊन.

पण मला नर्स म्हणून त्याचा कोपर दिसतो. बोलर हात सरळ ठेवतो. पिचर कोपर वाकवून झटक्याने सरळ करतो, एका सामन्यात शंभराच्या वर वेळा. सांधा झिजणारच. १९६५ च्या सुरुवातीलाच हात सुजून काळानिळा झाला होता. डॉक्टरांनी संधिवात सांगितला. मग कॉर्टिझोनची इंजेक्शने, खेळण्याआधी मिरचीच्या अर्काचे झोंबणारे मलम, खेळल्यावर कोपर बर्फाच्या पाण्यात. आणि ब्युटाझोलिडिनच्या गोळ्या. ते औषध रक्तावर वाईट परिणाम करू शकते, आम्ही वॉर्डात फार जपून द्यायचो. हा माणूस ते घेऊन मैदानात उतरत होता! हात पुरता सरळ होईना, म्हणून कोटाची डावी बाही आखूड करून घ्यावी लागली.

१९६६ मध्ये त्याने २७ सामने जिंकले. पगार सव्वा लाख डॉलर, त्या काळात केवढा मोठा! आणि १८ नोव्हेंबरला त्याने खेळ सोडला, वय अवघे ३०. पुढे पुष्कळ वर्षे जगायचे आहे, ती धड शरीराने जगायची, असे त्याचे म्हणणे.

१९७२ मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड झाली, ३६ व्या वर्षी. २०२२ मध्ये लॉस एंजेलिसच्या स्टेडियमपाशी त्याचा पुतळा उभारला, तेव्हा ८६ वर्षांचा कोफॅक्स स्वतः हजर होता.