मुरमं म्हणजे मळ नव्हे

दहावीतली मुलगी दिवसातून पाच-सहा वेळा साबणाने तोंड धुते, रात्री गालावर लिंबाची फोड घासते, तरी पुटकुळ्या हटत नाहीत. घरचे म्हणतात, ‘चेहरा नीट धूत नाहीस.’ तिथेच गल्लत होते.

मुरूम, म्हणजेच तारुण्यपीटिका, त्वचेच्या आत सुरू होतं. वयात येताना मुलामुलींच्या शरीरात अँड्रोजेन (तैलग्रंथींना चालना देणारी संप्रेरकं) वाढतात आणि सीबम (त्वचेचं नैसर्गिक तेल) जास्त पाझरतं. ते मृत पेशींशी चिकटून रंध्राचं तोंड बंद करतं, आत जिवाणू वाढतात, सूज येते. मोरीचा पाइप आतून तुंबला असेल तर वरची फरशी कितीही घासली तरी पाणी तुंबतंच, तसंच हे. नाकावरचे काळे ठिपकेही मळाचे नसतात. रंध्रात अडकलेला तेलकट ऐवज हवेने काळवंडतो.

उलट फार घासल्याने त्वचा कोरडी होते, चुरचुरते, लिंबाने भाजतेही. सकाळ-संध्याकाळ सौम्य फेसवॉश पुरे. केसांचं तेल कपाळावर उतरू देऊ नये, उशीचा अभ्रा वरचेवर बदलावा. पुटकुळी फोडू नये. त्याने खड्डे राहू शकतात. मुरमांवरच्या औषधाचा गुण दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, आणि नेमकं याच काळात मुलं धीर सोडतात. मैत्रिणीने सुचवलेलं स्टेरॉइडचं क्रीम मात्र अजिबात लावू नये, त्याने मुरमं वाढू शकतात. गाठी दुखत असतील किंवा डाग राहत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.