काळ्या धाग्याला पाच रंगांचे उत्तर

कापड बोलते, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. पेशवाईत अस्पृश्याने मनगटाला किंवा गळ्यात काळा धागा बांधलाच पाहिजे, असा दंडक होता. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात त्याची नोंद केली आहे. त्या धाग्यावर एकही अक्षर नव्हते. तरी निरक्षर वाटसरूही तो वाचू शकत होता. 'याला शिवू नका', एवढाच त्याचा अर्थ! शब्द धाग्यात बसवण्याची विद्या आपल्याविरुद्ध अशी वापरली गेली.

म्हणूनच डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची पद्धत बदलायला आणि जात सांगणारे दागिने टाकायला सांगितले. कपड्यावर लिहिलेली जात आधी पुसा, असा तो आदेश होता.

यातील विटंबना अशी की, विणणारे हात आपलेच होते. नागपूरकडचा महार समाज जाडेभरडे कापड विणत असे. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांच्या स्वस्त कापडापुढे हातमागाचा टिकाव लागेना. मग गिरणीत तरी माग मिळाला काय? मुंबईच्या गिरण्यांत जास्त पगाराचे विणकाम खाते अस्पृश्यांना बंद होते. कारण काय, तर तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागतो, त्याने सवर्ण कामगार बाटतो! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला. एम्प्रेस मिलही आता उरली नाही. तिच्या जागेवर मॉल उभा आहे.

आता धाग्यात आपला शब्द कसा विणायचा, ते पाहू. १८८५ साली श्रीलंकेत प्रथम फडकलेल्या बौद्ध ध्वजाने वाट दाखवली आहे. निळा म्हणजे मैत्री-करुणा, पिवळा म्हणजे मध्यम मार्ग, लाल म्हणजे सदाचरणाचे फळ, पांढरा म्हणजे शुद्धता, केशरी म्हणजे प्रज्ञा. तेथे एका रंगाला एक अर्थ आहे. आम्ही म्हणतो, याच रंगांतून अक्षरेही लिहिता येतील.

क, च, ट, त, प हे पाच वर्ग आणि प्रत्येक वर्गात पाच अक्षरे, म्हणजे पंचवीस. रंगही पाच. ध्वजाच्या क्रमाने त्यांना एक ते पाच आकडे द्यावेत. पहिली पट्टी वर्ग सांगेल, दुसरी त्या वर्गातले स्थान. 'त' म्हणजे पांढरा-निळा. 'म' म्हणजे केशरी-केशरी. 'धम्म' हा शब्द पांढरा-पांढरा आणि मग चार केशरी पट्ट्या असा उमटतो. काना-मात्रा सध्या सोडून देऊ.

पण य ते ह आणि ळ ही नऊ अक्षरे उरतात. त्यांसाठी सहावा रंग हवा. आम्ही काळाच घेऊ. काळा-निळा म्हणजे य, काळा-पिवळा र. असे श पर्यंत गेल्यावर जोडी उलटी करायची. निळा-काळा ष, पिवळा-काळा स, लाल-काळा ह, पांढरा-काळा ळ. 'समता' विणायची तर पिवळा-काळा, केशरी-केशरी, पांढरा-निळा. म्हणजे काळ्या धाग्यावाचून समता लिहिताच येत नाही! ज्या धाग्याने आपल्याला दूर लोटले, तोच इथे समतेचे पहिले अक्षर पुरे करतो.

हे शब्द ताण्यात घातले तर ते कापडाच्या लांबीभर उभ्या पट्ट्यांनी धावतात. मात्र रंगांचा क्रम ताणा लावतानाच पक्का करावा लागतो. तेव्हा झालेली चूक शेवटच्या वारापर्यंत जाते. बाण्यात घातले तर शब्द पदरापुरता ठेवता येतो; पण दर रंगाला धोटा बदलावा लागतो आणि काम मंदावते. मजुरी ठरवताना हा वेळ विसरून चालणार नाही.

यात गुप्त काही नको. अक्षरांची किल्ली प्रत्येक कापडासोबत छापून द्यावी. धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखो बांधव येतात, ध्वज आणि निळी उपरणी घेऊन जातात. त्यांत हातमागावर विणलेले, 'समता' लिहिलेले उपरणे का नसावे? विदर्भातल्या विणकराला काम मिळेल आणि घरी नेलेले कापड लेकरांना वाचायला शिकवता येईल. काळा धागा दुसऱ्यांनी आपल्यावर बांधला होता. हा धागा आपण स्वतः विणू आणि त्याचा अर्थही आपणच ठरवू.